क्लिंटनचा चर

नोव्हेंबर संपत आला होता. दिवाळी आटोपून मी लेकीच्या बाळंतपणासाठी फेअरपोर्टला आले होते. न्यूयॉर्क राज्यातलं हे छोटंसं गाव, रॉचेस्टरच्या पूर्वेला. नात तीन आठवड्यांची झाली होती. सकाळचं मालीश, आंघोळ, शेपाचं पाणी, डिंकाचे लाडू असं सगळं यथासांग चाललं होतं. फक्त धुरी देता येत नव्हती, कारण छतावरची धुराची घंटा लगेच केकाटायची. दुपारी मायलेकी झोपल्या की मी जावयांचा जाड कोट चढवून कालव्याच्या काठाने चालायला जायची. गावाच्या ऐन मधून ईअरी कालवा जातो. त्यावर एक वर उचलला जाणारा तिरका लोखंडी पूल आहे, तिथून उतरलं की काठाची वाट लागते. पूर्वी या वाटेने खेचरं चालायची आणि त्यांच्या मागे दोराने बांधलेल्या नावा. कालव्याला दोनशे वर्षं झाल्याचे फलक अजून खांबांवर होते.

त्या दुपारी गेले तर पाणी नव्हतं. आदल्या आठवड्यात काठोकाठ असलेला कालवा रिकामा झाला होता. तळाशी काळा चिखल, मध्ये एक बारीक ओघळ, त्यात चार बदकं. एका सायकलीचं चाक वर आलं होतं. ओल्या गाळाचा, कुजक्या पानांचा वास नाकात शिरला आणि माझे पाय तिथेच थांबले. हा वास मला चांगला ठाऊक आहे. आवर्तन संपल्यानंतरच्या पाटाचा वास. सातासमुद्रापलीकडे तो जसाच्या तसा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा मला तशी उभी बघून थांबले. हिवाळ्यात इकडचा कालवा रिकामा करतात, वसंतात पुन्हा भरतात, असं त्यांनी सांगितलं. मग चिखलाकडे हात करून म्हणाले, "क्लिंटन्स डिच!" म्हणजे क्लिंटनचा चर. आणि हसत पुढे गेले.

तो शब्द मला झोंबला.

माझे आप्पा पुणे जिल्ह्यातल्या एका जुन्या कालव्यावर पाटकरी होते. खाकी शर्ट, सायकल, कॅरिअरला बांधलेली दारं उघडायची चावी, हातात बॅटरी. कुणाची पाळी कधी सुरू होते, कधी संपते, हे त्यांना वहीत बघावं लागायचं नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी म्हणायचे, दार लवकर लावलंस. टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे, शेतकरी म्हणायचे, उशिरा उघडलंस. रात्री-अपरात्री कुणीतरी दार फोडायचं, आणि सकाळी शिव्या आप्पांना. त्यांना कधी राग आलेला मी पाहिला नाही. फक्त एका शब्दाचा त्यांना राग होता. टेलच्या गावांतली माणसं पाणी पोचलं नाही की म्हणायची, "कसला कालवा! चर आहे तुमचा तो." मग आप्पा सायकल उभी करायचे आणि सांगायचे, "चर म्हणू नका. काय वाटेल ते बोला मला, पण त्याला चर म्हणू नका." लहानपणी मला कळायचं नाही, मातीत खणलेल्या एका लांबलचक खाचेची ह्यांना एवढी माया का. तो कालवा काही त्यांनी खणलेला नव्हता. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा तो.

म्हणून त्या आजोबांच्या हसण्याचा मला राग आला. घरी येऊन लेकीला विचारलं, हा क्लिंटन कोण? ती म्हणाली, "आई, तो राष्ट्राध्यक्ष नव्हे गं, हा जुना. डेविट क्लिंटन. त्यानेच तर हा कालवा केला." आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कार्डावर गावच्या वाचनालयातून जावयांनी तीन पुस्तकं आणून दिली. त्या हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ, मांडीवर नात, आणि हातात क्लिंटन, असे माझे दिवस गेले.

जन्म १७६९चा. वडील जेम्स क्लिंटन स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी, काका जॉर्ज क्लिंटन न्यूयॉर्क राज्याचे पहिले गव्हर्नर, पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष. म्हणजे घरचं राजकारण. कोलंबिया कॉलेजला ते नाव पडल्यावर तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेला पहिला विद्यार्थी हाच, १७८६ साली. मग काकांचा चिटणीस, राज्याच्या विधिमंडळात, आणि १८०२च्या फेब्रुवारीत थेट देशाच्या सिनेटमध्ये. वय फक्त बत्तीस. उंचापुरा, देखणा, आणि ते स्वतःलाही पुरतं माहीत असलेला. पुस्तकातलं त्याचं चित्र बघताना मला आमच्याकडचे काही तरुण, घराणेदार पुढारी आठवले. तोच आत्मविश्वास, तीच मान. खरं सांगते, पहिली पन्नास पानं मला तो आवडला नाही. सिनेटर झालेल्या वर्षीच त्याने एका विरोधकाशी पिस्तुलांचं द्वंद्व केलं. पाच फेऱ्या झाल्या, समोरच्याच्या पायात दोन गोळ्या गेल्या, तेव्हा क्लिंटनने पुढे गोळी झाडायला नकार दिला. इतक्या मोठ्या सभागृहात बसणारा माणूस नदीपलीकडे जाऊन असलं काही करतो, आणि त्याचं कुणाला फारसं वावगं वाटत नाही, असा तो काळ.

पण सिनेटमधल्या त्याच्या एका भाषणापाशी मी थबकले. १८०२च्या ऑक्टोबरात स्पेनच्या अधिकाऱ्याने न्यू ऑर्लीन्सला अमेरिकन माल उतरवून ठेवायची सवलत काढून घेतली. डोंगरांपलीकडे, ओहायोच्या खोऱ्यात राहणाऱ्या शेतकऱ्याचं धान्य मिसिसिपी नदीनेच समुद्राला जायचं. ते बंदर बंद म्हणजे त्याचा गळा आवळला गेला. पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर जेम्स रॉस म्हणाले, पन्नास हजार स्वयंसैनिक घ्या आणि बंदर जिंका. क्लिंटन १८०३च्या फेब्रुवारीत त्याविरुद्ध बोलायला उभा राहिला. युद्ध नको, आधी बोलणी करा, असं त्याचं म्हणणं. काही महिन्यांतच राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या सरकारने फ्रान्सकडून अख्खा लुईझियाना विकत घेतला आणि तो तंटा मिटला. मला मात्र सारखं वाटत राहिलं की तो प्रश्न क्लिंटनच्या डोक्यात तिथेच रुतून बसला असणार. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याचं पोतं समुद्रापर्यंत पोचवायचं कसं? ह्याला पुरावा काही नाही. पण पाटकऱ्याची मुलगी आहे मी. टेलच्या माणसाचा विचार एकदा डोक्यात शिरला की तो निघत नाही, हे मी घरात बघितलंय.

सिनेटमध्ये तो जेमतेम पावणेदोन वर्षं टिकला. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी वेगवेगळं मतदान व्हावं, ही घटनादुरुस्ती १८०३च्या ऑक्टोबरात सिनेटपुढे मांडणारा तोच. आणि पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन न्यूयॉर्क शहराचा महापौर व्हायला निघूनही गेला. देशाचं सभागृह सोडून शहराची कचेरी! पण त्या वेळी महापौरपदात कमाई जास्त होती, नेमणुका करायची सत्ताही जास्त होती, आणि क्लिंटनला दोन्ही हवी होती. मधल्या दोन लहान खंडांसह तो १८१५ पर्यंत महापौर राहिला. गरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढणाऱ्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष होता. एकीकडे आपल्या माणसांना नोकऱ्या वाटणारा गटबाज पुढारी, दुसरीकडे गवताच्या जाती, मासे, खडक यांचा नाद असलेला अभ्यासक. इथल्या जंगलात सावलीत उगवणाऱ्या एका रोपाच्या कुळाला त्याचं नाव आहे, क्लिंटोनिया. लेकीने फोनवर चित्र दाखवलं. पिवळसर घंटेसारखी फुलं, आणि नंतर निळीशार फळं.

कालव्याची कल्पना त्याची एकट्याची नव्हे. आणि ज्या माणसाने ती सविस्तर लिहून काढली, त्याची गोष्ट वाचताना मी नातीला पाळण्यात ठेवून सरळ होऊन बसले. जेसी हॉली नावाचा पिठाचा व्यापारी. माल वेळेत बाजाराला पोचवताना त्याचं दिवाळं निघालं. कर्जबाजारी माणसाला तेव्हा तुरुंगात टाकायचे. कॅनन्डेग्वाच्या तुरुंगात बसून त्याने १८०७-०८ मध्ये ‘हर्क्युलिस’ या टोपणनावाने चौदा लेख लिहिले. ईअरी सरोवरापासून हडसन नदीपर्यंत कालवा कसा नेता येईल, कुठून न्यावा, खर्च किती येईल. कॅनन्डेग्वा आमच्या फेअरपोर्टहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. कर्जाच्या कोठडीत बसून माणूस दुसऱ्यांच्या पोत्यांसाठी वाट आखत होता.

१८१० साली राज्याने पाहणीसाठी आयोग नेमला, त्यात क्लिंटन होता. त्या उन्हाळ्यात तो नावेने आणि घोडागाडीने पार पश्चिमेपर्यंत गेला आणि रोजनिशी लिहीत राहिला. एका मुक्कामी ढेकणांची फौज, पिसवांचं पायदळ आणि डासांचं घोडदळ एकदम चालून आलं, असं त्याने लिहिलंय. ते वाचल्यावर मला तो जरा जवळचा वाटायला लागला. महापौर राहिलेला, रेशमी गळपट्टा बांधणारा माणूस दलदलीत उतरून उंच-सखल जमीन स्वतः बघत होता. आप्पा म्हणायचे, कालवा कागदावर सगळ्यांना दिसतो, ज्याने पायाने मोजला त्यालाच तो कळतो.

सरोवर हडसनपेक्षा ५६८ फूट उंच. अंतर ३६३ मैल. मधे जंगल, दलदल, खडकांच्या भिंती. देशात शिकलेला स्थापत्य अभियंता असा जवळजवळ नव्हताच. जेफरसनला भेटून मदत मागितली तेव्हा उत्तर मिळालं की योजना छान आहे, शंभर वर्षांनी होईलही, पण आज तिचा विचार करणं वेडेपणाच्या जवळचं आहे. १८१२ साली क्लिंटन राष्ट्राध्यक्षपदासाठी मॅडिसनविरुद्ध उभा राहिला आणि १२८ विरुद्ध ८९ अशा मतांनी हरला. त्याच मॅडिसनने १८१७च्या ३ मार्चला, पद सोडायच्या आदल्या दिवशी, रस्ते-कालव्यांना केंद्राचा पैसा देणारं विधेयक नाकारलं. म्हणजे दिल्लीने हात वर केले म्हणा ना. मग न्यूयॉर्क राज्याने ठरवलं, आपलं आपण कर्ज काढून खणू. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत क्लिंटनला ४३,३१० मतं पडली, विरोधकाला १,४७९. १ जुलै १८१७ला तो गव्हर्नर झाला, आणि तीनच दिवसांनी, ४ जुलैला, रोम नावाच्या गावाशी पहिली कुदळ पडली. तिथे जमीन सपाट होती, काम भराभर पुढे सरकलेलं लोकांना दिसलं असतं. हा हिशेब राजकारण्याचा, पण मला तो आवडला.

वर ४० फूट रुंद, तळाशी २८, खोली चार फूट. एवढाच. आपल्याकडच्या कित्येक कालव्यांपुढे लहान दिसेल. बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे त्याचे प्रमुख अभियंते जमिनीची मोजणी करणारे होते. कॅनव्हास व्हाइट नावाचा त्यांचा तरुण सहकारी इंग्लंडला गेला, तिथल्या कालव्यांच्या काठाने शेकडो मैल पायी हिंडला, नकाशे काढून आणले. पुढे त्याला चिटेनँगोजवळ असा चुनखडक सापडला की ज्याचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. झाडांची खोडं उपटायला यंत्रं त्यांनी तिथेच बनवली. ८३ लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद: नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, की नाव एक पायरी वर. उतरायचं असेल तर उलट. दार उघडणारा माणूस तिथेच राहायचा, रात्री शिंग वाजलं की कंदील घेऊन धावायचा. त्या माणसाविषयी पुस्तकात दोनच ओळी होत्या. मी त्या तीनदा वाचल्या.

आमच्या घरापासून जवळच, पिट्सफर्डकडे जाताना, कालवा एका दरीवरून जातो. खाली आयरोन्डेक्वॉइट नावाचा ओढा, आणि वर सत्तर फुटांच्या भरावावरून कालवा. जानेवारीत एका निवांत दुपारी जावयांनी मला तिथे नेलं. खाली झाडांचे शेंडे, मध्ये बर्फाने पांढरी झालेली रिकामी खाच. मी वाकून काठाची माती बघत होते तर जावई म्हणाले, "आई, पडाल." भराव कुठे झिरपतो ते आप्पा पायाने ओळखायचे, चालता चालता एका जागी टाच दाबून बघायचे. मीही दाबून बघितली. गोठलेली, दगडासारखी. हा भराव टोपल्यांनी आणि घोड्यांच्या फावड्यांनी घातलेला आहे. घालणारे अनेक जण आयर्लंडहून आलेले मजूर. माँटेझुमाच्या दलदलीत १८१९ साली हिवतापाने हजारावर लोक आजारी पडले, कितीतरी तिथेच मेले. त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नव्हती. आणि ही जमीन? ती होदेनोसॉनी लोकांची, इंग्रजीत ज्यांना इरोक्वॉइ म्हणतात. क्लिंटनने १८११ साली त्यांच्याविषयी विद्वानांपुढे मोठं व्याख्यान दिलं, त्यांच्या वक्तृत्वाची, राज्यव्यवस्थेची तारीफ केली. आणि त्याच क्लिंटनच्या कालव्याने पश्चिमेकडे माणसांचा जो लोंढा नेला, त्यात त्यांच्या उरल्यासुरल्या जमिनी गेल्या. तारीफ करणारा आणि वाट काढणारा हात एकच. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या कालव्याच्या धरणाखालीही गावं गेलेली होती. आप्पा त्याबद्दल बोलत नसत. मीही कधी विचारलं नाही.

विरोधकांनी कालव्याला चर म्हणायला सुरुवात केली ती अगदी आधीपासून. क्लिंटनचा चर. खणा आणि त्यात राज्याचा पैसा पुरा. तो १८२०ला पुन्हा निवडून आला, पण या वेळी दीड हजाराच्या आसपास मतांनीच. मार्टिन व्हॅन ब्युरेन नावाचा हुशार, गोड बोलणारा पुढारी त्याच्या विरोधात सगळी जमवाजमव करत होता. नव्या राज्यघटनेने गव्हर्नरची मुदत कमी केली, आणि १८२२ला क्लिंटन उभाच राहिला नाही. घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला होता, तो आता लंगडत चालायचा. पहिली बायको मारिया १८१८ साली गेली होती, सात मुलांना मागे ठेवून. हातात फक्त कालव्याच्या मंडळाचं अध्यक्षपद होतं, आणि ते बिनपगारी.

१८२४च्या १२ एप्रिलला, विधिमंडळाचं अधिवेशन संपता संपता, विरोधकांनी ठराव आणून त्याला त्या मंडळावरूनही काढलं. चर्चा जवळजवळ नाहीच. कालवा पुरा व्हायला दीड वर्ष उरलं होतं.

ह्या ठिकाणी पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. ज्याने ढेकणांच्या खाटांवर रात्री काढून वाट मोजली, त्याला शेवटच्या पाळीला दारावरून उठवलं. माणसाला पाडायचं तर निवडणुकीत पाडा, त्याच्या हातातलं बिनपगारी काम कशाला काढून घ्यायचं? आणि हे फक्त मलाच वाटलं असं नाही. न्यूयॉर्क शहरात हजारो लोक निषेधाला जमले. जे कालपर्यंत चर म्हणत होते तेही चिडले. नोव्हेंबरात क्लिंटन गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि १६ हजारांहून अधिक मतांनी निवडून आला. ज्यांनी काढलं त्यांनीच त्याला परत आणून बसवलं म्हणायचं.

२६ ऑक्टोबर १८२५. बफेलोहून ‘सेनेका चीफ’ नावाची नाव निघाली. ती निघाल्याची खबर तोफांनी पुढे दिली, एका तोफेचा आवाज पोचेल तिथे दुसरी, अशी रांग थेट न्यूयॉर्कपर्यंत. बातमी दीड तासाच्या आत समुद्रापर्यंत पोचली. नावेला दहा दिवस लागले. ४ नोव्हेंबरला क्लिंटनने ईअरी सरोवराचं पाणी लाकडी पिंपातून समुद्रात ओतलं. पाण्याचं लग्न, असं त्या सोहळ्याला म्हणतात. बफेलो ते न्यूयॉर्क टनामागे शंभर डॉलर पडायचे, ते दहाच्या आसपास आले. खर्च झाले होते सत्तर लाखांच्या थोडे वर, आणि जकातीच्या उत्पन्नातून कालव्याचं कर्ज बारा वर्षांत फिटलं.

क्लिंटनचं स्वतःचं मात्र फिटलं नाही.

११ फेब्रुवारी १८२८ला आल्बनीच्या घरी, गव्हर्नरपदावर असतानाच, तो अचानक गेला. वय अठ्ठावन्न. वॉशिंग्टनमध्ये न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींची शोकसभा झाली, आणि तिथे सिनेटर व्हॅन ब्युरेन बोलले. जन्मभराचे प्रतिस्पर्धी. ते म्हणाले, जिवंतपणी मी त्याचा कधीच हेवा केला नाही, पण आज त्याच्या सन्मानाच्या थडग्याचा हेवा करावासा वाटतो. वाक्य फार सुंदर आहे. पण क्लिंटनला थडगं नव्हतंच. घर कर्जात बुडालं होतं. एका सावकाराकडेच सहा हजार डॉलरचा हुकूमनामा होता. सामानसुमान लिलावात गेलं. जागा आणि दगड घ्यायला पैसे नव्हते म्हणून राज्याचा गव्हर्नर आल्बनीतल्या एका जुन्या स्नेह्याच्या, डॉक्टर स्ट्रिंगरच्या, घराण्याच्या दफनाच्या तळघरात ठेवला गेला. थोडेथोडके दिवस नाही, सोळा वर्षं. तोवर त्याच्या कालव्यावरून लाखो पोती समुद्राला गेली होती, आणि कालवा लहान पडतो म्हणून तो रुंद करायलाही घेतला होता.

मला आप्पांचा दहावा आठवला. नदीवरून येऊन आम्ही दारात पाय धुत होतो आणि गावातले एक गृहस्थ ओट्यावर बसलेले. हातात वही. ते वाईट बोलले नाहीत, उलट हळहळले. "फार सच्चा माणूस," म्हणाले, "एका दाराचे पैसे घेतले असते तर ही वेळ आली नसती." तीन बहिणींची लग्नं आप्पांनी त्या वहीवर केली होती. आईने आत जाऊन पाटल्या आणल्या. पाटल्या देताना तिने त्यांना विचारलं, "चहा घेणार का?" माझ्या कानात अजून तो प्रश्न आहे. त्या घरात पैसे कुठून आले नाहीत ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्याचा अभिमान आम्हाला नंतर वाटला. त्या सकाळी नाही. त्या सकाळी मला आप्पांचा राग आला होता, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. म्हणून मला क्लिंटनच्या पोरांचं कळतं. त्याचा पुतळा, त्याच्या नावाची गावं, रस्ते, शाळा यांचं त्यांना त्या वेळी काय होतं? खाटा आणि खुर्च्या बाहेर जात होत्या.

नातीचं बारसं लांबत लांबत फेब्रुवारीत गेलं, ते न्यू जर्सीला जावयांच्या भावाकडे करायचं ठरलं. तिथे गेलो तेव्हा मी म्हटलं, मला ब्रुकलिनला ग्रीनवुड दफनभूमीत जायचंय. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बारशाला आलेल्या आजीला स्मशानात न्यायचं म्हणजे काय! शेवटी जावई एकटे माझ्याबरोबर आले. दरवाज्याशी उंच दगडी मनोरे, आणि त्या मनोऱ्यांच्या खाचांमध्ये काटक्यांची भलीमोठी घरटी. वर बघते तर पोपट. हिरवेगार पोपट, बर्फात, कलकलाट करताहेत. क्षणभर मला आमच्या चिंचेखाली उभी आहे असं वाटलं. आत टेकड्या, बर्फ, शांतता. १८४४च्या जूनमध्ये क्लिंटनला गाजावाजा न करता इथे आणलं. तेव्हा ही दफनभूमी नवीन होती, शहरापासून लांब, लोक फारसे येत नव्हते. क्लिंटन इथे आला म्हणून इतरांनाही इथे जागा घ्यावीशी वाटू लागली. १८५३ सालचा ब्रॉन्झचा पुतळा आहे, हेन्री कर्क ब्राउनने घडवलेला. खांद्यावरून झगा घेतलेला, ताठ. ब्रॉन्झवर हिरवट थर चढलाय. मी हातमोजा काढून चौथऱ्यावर हात ठेवला. बर्फाने बोटं बधिर झाली. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून नमस्कार केला. जावयांनीही, मी केला म्हणून, हात जोडले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझं परतीचं तिकीट होतं. बॅगा भरून झाल्या होत्या. नातीला ढकलगाडीत घालून मी कालव्यावर गेले. त्या दिवसांत पाणी हळूहळू सोडत होते. लोंढा वगैरे नाही. आधी तळाचा ओघळ रुंद झाला, मग चिखलाच्या खोलगट जागा एकेक करून भरल्या. पुढच्या तोंडाला फेस, काटक्या, वाळकी पानं, एक प्लॅस्टिकची बाटली. आवर्तनाचं पहिलं पाणी असंच येतं, घाण पुढे ढकलत, जमिनीला चाटत. लहानपणी आम्ही पोरं त्या तोंडाबरोबर पाटाच्या काठाने पळायचो आणि आप्पा सायकलवरून ओरडायचे, "काठ तुडवू नका रे!"

ते आजोबा आले. कुत्र्याच्या अंगात आता लोकरीचं जाकीट नव्हतं. त्यांनी नातीकडे वाकून बघितलं, मग पाण्याकडे. "आला बघा आमचा चर," म्हणाले. त्यांच्या आवाजात जी माया होती ती मला नोव्हेंबरात ऐकू आली नव्हती. मी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझे वडील कालव्यावर होते. दारं उघडायचे. आजोबांनी टोपी काढली आणि थोडा वेळ तशीच हातात धरून ठेवली. सायकलीच्या चाकाभोवती पाणी चढत होतं. आधी खालच्या तारा बुडाल्या, मग मधला गड्डा, मग वरचा रबरी काठ. आम्ही तिघं आणि कुत्रा ते दिसेनासं होईपर्यंत उभे राहिलो.